मीड सरोवर: पाण्याकाठच्या वाळवंटात चालताना

लास वेगासहून आग्नेयेला गाडीने पाऊण तासावर हूवर धरण आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरणारी मराठी कुटुंबं ग्रँड कॅन्यनला जाता-येता तिथे हमखास थांबतात, धरणाच्या माथ्यावर फोटो काढतात आणि पुढे निघतात. खरं तर या भिंतीच्या दोन्ही अंगांना निवांत दोन दिवस द्यावेत असा मुलूख पसरलेला आहे: लेक मीड राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र. नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांत मिळून सुमारे ६,००० चौरस किलोमीटर. अमेरिकी काँग्रेसने १९६४ साली कायदा करून घोषित केलेलं हे या प्रकारचं पहिलं क्षेत्र.

नावात सरोवर असलं तरी या क्षेत्राचा जेमतेम आठवा हिस्सा पाण्याखाली आहे. बाकी सगळं मोहावी वाळवंट. वर्षभरात इथे साधारण दहा-बारा सेंटीमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडे कोकणात एखाद्या दिवसात पडतो तेवढा. इथे फिरायला येणाऱ्यांची फसगत होते ती याच ठिकाणी. डोळ्यांसमोर मैलोन्‌मैल निळं पाणी दिसतं, आणि माणूस वाळवंटात चालतोय हे विसरतो. बाटली एकच घेतो, टोपी गाडीत ठेवतो, निघायला उशीर करतो. प्रवासाची आखणी कशी करायची, कुठली वाट कधी धरायची, काय कुठे बिघडतं, ते समजून घ्यायचं तर आधी हे पाणी तिथे कसं आलं ते पाहावं लागतं.

पाणी कुठलं, आणि काठ का सरकतो

सरोवरात साठतं ते पावसाचं नव्हे, तर रॉकी पर्वतात वितळलेल्या बर्फाचं पाणी. कोलोरॅडो नदी ते ग्रँड कॅन्यनमधून घेऊन येते आणि हूवर धरण ते अडवतं. २२१ मीटर उंचीचं हे धरण १९३५ साली उभं राहिलं. काठोकाठ भरलं तर सरोवरात सुमारे १,१०० टीएमसी पाणी मावतं, म्हणजे कोयनेच्या दहापटीहून जास्त. धरणाच्या खाली नदी अरुंद ब्लॅक कॅन्यनमधून वाहते आणि पुढे १९५१ च्या डेव्हिस धरणामागे अडून मोहावी सरोवर होतं. दोन्ही जलाशय याच मनोरंजन क्षेत्रात येतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. त्याबद्दल पुढे.

१९२२ साली सात राज्यांनी नदीचं पाणी वाटून घेतलं. त्याआधीची काही वर्षं ओली होती, त्यामुळे कागदावर वाटलेलं पाणी प्रत्यक्षात येणाऱ्या पाण्याहून जास्त ठरलं. पुढे १९४४ च्या करारात मेक्सिकोचाही वाटा ठरला. त्यात २००० सालापासूनचा प्रदीर्घ दुष्काळ आणि भाजणारं ऊन. नुसत्या बाष्पीभवनाने सरोवराच्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारण दोन मीटर पाणी उडून जातं. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२२० फुटांवर असते. जुलै २०२२ मध्ये ती १,०४० फुटांवर उतरली. लास वेगासला आपल्या पाण्यातला जवळजवळ ९० टक्के हिस्सा इथून मिळतो. त्याच वर्षी शहराचा सर्वांत जुना उपसा-नळ पाण्याबाहेर उघडा पडला. त्यानंतर पातळी थोडी सावरली आहे, पण ती दर महिन्याला हलते.

ही पातळी पाहुण्यांसाठी नुसता बातमीतला आकडा नाही. डोंगरकड्यांवर दिसणारा पांढरा पट्टा म्हणजे पाण्याने मागे सोडलेले क्षार. पूर्वी पाणी किती वर होतं ते त्यावरून कळतं. जुन्या नकाशात पाण्याला टेकलेले बोटींचे उतार आज कोरड्या जमिनीत संपलेले असू शकतात. म्हणून बोट किंवा कयाक घेऊन जायचं असेल तर कुठला उतार चालू आहे ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात बघावं.

दुसरा धोका चिखलाचा. पाणी ओसरलेल्या काठावर वरची साय उन्हाने वाळून तडकते आणि पक्क्या जमिनीसारखी दिसते. खाली मात्र नदीने आणलेला बारीक, ओला गाळ असतो. गाडी त्यात धुऱ्यापर्यंत रुतते; माणूस मांडीपर्यंत जातो आणि पाय ओढून काढताना बूट आतच राहतो. मंजूर रस्ता सोडून गाडी पाण्याच्या दिशेने नेऊ नये, तो गुन्हाही आहे. पायी जातानाही तडकलेल्या सपाट मातीपेक्षा दगडगोट्यांचा काठ धरावा. रुतलातच तर जोर लावून उभं राहू नका. मागे टेकून किंवा आडवं होऊन वजन पसरवा आणि एकेक पाय हळूहळू हलवत सोडवा.

ऊन शरीराला काय करतं

हवेचं तापमान त्वचेपेक्षा कमी असतं तोवर शरीराची उष्णता आपोआप बाहेर जाते. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. जुलैत इथे दुपारी पारा ४३-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा वारासुद्धा शरीर थंड करण्याऐवजी तापवतो. ब्लॅक कॅन्यनचे काळपट ज्वालामुखीय खडक सूर्य सरकल्यावरही धग सोडत राहतात. अशा वेळी उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं.

मुंबईत घाम निथळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतं. इथल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडतो. अंग कोरडंच लागतं, शर्टावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. त्यामुळे तासाला लिटरभर पाणी गेलं तरी माणसाला तसं वाटत नाही, आणि तहान लागेपर्यंत तूट पडलेली असते.

त्यासाठी हिशोब असा ठेवावा. उन्हात चालताना दर १५ ते २० मिनिटांनी कपभर पाणी, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. दिवसभरासाठी माणशी किमान चार लिटर, आणि गाडीत त्याहून जास्त साठा. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो. ते ओझं जड वाटतं म्हणून कमी करण्याचा मोह आवरावा. पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला की, पुढे कितीही थोडं उरलं असलं तरी, मागे वळावं. परतीला ऊन जास्त असतं आणि बहुतेक दऱ्यांत चढही परतीलाच असतो.

नुसतं पाणी पीत राहिलं तर उलटाच त्रास होतो. घामातून मीठ जातं आणि वर साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली येतं: मळमळ, डोकेदुखी, गोंधळ. ही लक्षणं उष्णतेच्या त्रासासारखीच असल्याने माणूस आणखी पाणी पितो. म्हणून तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये आणि सोबत खारं खावं. खारे शेंगदाणे, चिवडा, चकली उत्तम. एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ठेवावं.

कपडे अंगभर, सैल आणि फिक्या रंगाचे. उन्हाळ्यात सुती शर्ट भिजवून घातला तर तो वाळेपर्यंत चांगला गारवा देतो. थंडीत मात्र भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब काढून घेतं. टोपी मानही झाकणारी हवी. पायात जाड तळव्याचे बंद बूट.

कुणाला भरपूर घाम, चक्कर, पायात गोळे, मळमळ असं सुरू झालं तर तो उष्णतेचा थकवा. थांबा, सावलीत बसवा, कपडे ओले करा, घोट घोट पाणी द्या. माणूस बरळू लागला, अडखळू लागला, साध्या प्रश्नाचं उत्तर देईना, तर तो उष्माघात. तिथे मिनिटं मोजकी असतात. ९११ ला फोन, सावली, अंगावर मिळेल ते पाणी ओतून जोराने वारा घालणं. मान, काखा, जांघा ओल्या ठेवणं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

या सगळ्यामुळे इथे चालायचे महिने ठरलेले आहेत: साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य एप्रिल. गोल्डस्ट्राइक कॅन्यन, व्हाइट रॉक कॅन्यन, ॲरिझोना हॉट स्प्रिंग्ज, लिबर्टी बेल आर्च या वाटा तर उद्यान प्रशासन दरवर्षी १५ मे ते ३० सप्टेंबर बंदच ठेवतं. उन्हाने झालेल्या मृत्यूंनंतर केलेला हा नियम आहे, तो मोडून कुणाचंही भलं होत नाही. सुट्टी जून-जुलैतच असेल तर सूर्योदयाला निघून आठ-नऊच्या आत गाडीत परत येता येईल एवढंच चाला.

कुठल्या वाटेला जावं

पहिल्यांदा येणाऱ्यांनी, विशेषतः आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर, जुन्या रेल्वेची वाट धरावी. धरण बांधताना १९३१ साली टाकलेल्या लोहमार्गाची ही सपाट पायवाट बोल्डर सिटीजवळच्या पर्यटक केंद्रापाशी सुरू होते. वाटेत पाच बोगदे लागतात. त्यांचा व्यास सुमारे २५ फूट आहे, कारण धरणाच्या अजस्र नळांचे तुकडे आणि यंत्रसामग्री त्यातून न्यायची होती. बोगद्यांत गारवा असतो, मधल्या उघड्या पट्ट्यांत सावलीचा ठिपकाही नाही. धरणाच्या वाहनतळापर्यंत एका बाजूने सुमारे सहा किलोमीटर आहे. दुसऱ्या बोगद्यापर्यंत जाऊन परतलं तरी सरोवराचं सर्वांत मोकळं दर्शन घडतं. या वाटेला प्रवेशशुल्काचं नाकं लागत नाही. सकाळी लवकर वरच्या उतारांवर वाळवंटी बिगहॉर्न मेंढे दिसतात. दगड घरंगळल्याचा आवाज आला की वर बघावं.

नॉर्थशोअर रस्त्यावरचं रेडस्टोन हे आणखी सोपं. लाल वालुकाश्माच्या टेकड्यांभोवती अर्ध्या मैलाचं वळसा घालून येणारं वर्तुळ. डायनोसॉरांच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन उभ्या राहिल्या आहेत, त्यातले तिरके थर जवळ जाऊन बोटाने मोजता येतात. इथे अर्धा तास पुरतो.

सेंट थॉमसला जरूर जावं. १८६५ मध्ये मॉर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं हे गाव धरणाचं पाणी चढल्यावर बुडालं. १९३८ साली शेवटचा रहिवासी घराशी आलेल्या पाण्यातून होडीने निघून गेला. आता पाणी उतरल्याने चौथरे, पाण्याच्या टाक्या, शाळेच्या पायऱ्या उघड्यावर आल्या आहेत. धरणग्रस्त गावांचा इतिहास आपल्याला नवा नाही, आणि उजनी किंवा पानशेतच्या काठी ज्यांची मुळं आहेत त्यांना इथे वेगळं काही जाणवेल. पोचायला सुमारे पाच किलोमीटर खडबडीत कच्चा रस्ता आहे. पावसानंतर तो चिखलाचा होतो, तेव्हा साधी मोटार नेऊ नये. चालण्याचं वर्तुळ अडीच मैलांचं. खिळा, काचेचा तुकडा, वीट, काहीही उचलायचं नाही. कायद्याने ते संरक्षित आहे.

अवघड पण अविस्मरणीय वाटा म्हणजे गरम झऱ्यांच्या. ॲरिझोना हॉट स्प्रिंग्जची फेरी सुमारे दहा किलोमीटरची, गोल्डस्ट्राइकची त्याहून थोडी कमी पण कितीतरी कठीण. दोन्ही वाटा महामार्गापासून नदीपर्यंत अडीचशे मीटरच्या आसपास उतरतात. सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी उतार आणि दुपारी थकल्यावर चढ, हे त्यांचं गणित सह्याद्रीतल्या किल्ल्याच्या बरोबर उलट आहे. किल्ल्यावर दमलेला माणूस खाली उतरून घरी येतो. इथे दमलेला माणूस दरीच्या तळाशी अडकतो. म्हणून तळाशी पोचल्यावर दोन तृतीयांश पाणी आणि निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक हवी.

गोल्डस्ट्राइकमध्ये सात-आठ ठिकाणी खडकांवर दोर बांधलेले आहेत. त्यावर भार टाकण्याआधी गाठ आणि दोराचा कडेला घासणारा भाग नीट बघा, कारण उन्हाने तंतू ठिसूळ होतात. दोर हाताला आधार म्हणून वापरा, वजन पायांवर ठेवा. तोंड खडकाकडे करून उतरा. ॲरिझोना झऱ्यांपाशी अरुंद घळीत सुमारे वीस फुटांची लोखंडी शिडी आहे. तिच्यावरून गरम पाणी वाहत असल्याने पायऱ्या निसरड्या असतात, एका वेळी एकानेच चढावं. वाळूच्या पोत्यांनी अडवलेल्या डबक्यांपैकी उगमाकडचं सर्वांत गरम असतं, त्यामुळे खालून वर असं जावं आणि प्रत्येक ठिकाणी आधी हात बुडवून पाहावा.

या झऱ्यांत डोकं पाण्याखाली घालायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, मुलांना उडवू द्यायचं नाही. गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो पोटातून नाही, नाकातून शिरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर जवळजवळ नेहमीच जीवघेणा. मानेपर्यंत बसून शेकून घ्यायला हरकत नाही.

आणि आकाश. जुलै ते सप्टेंबर इथे वादळी पावसाचा मोसम असतो. कडक जमिनीत पाणी मुरत नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना घळीतून लोंढा होऊन येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या, किंवा आगगाडीसारखा घरघराट ऐकू आला, तर घळीतून बाहेर पळत सुटू नका, लोंढा तुमच्याहून वेगवान असतो. जवळच्या बाजूने वर चढा आणि सामान सोडून द्या. अंदाजात वादळ असेल तर अरुंद घळी त्या दिवशी टाळा.

पाण्यात उतरायचं असेल तर

मीड सरोवरात बुडून दरवर्षी माणसं मरतात, आणि बऱ्याचदा अंगावर जीवरक्षक जाकीट नसतं. कुठल्याही काठावर जीवरक्षक तैनात नाही. हे सरोवर म्हणजे बुडालेल्या डोंगरदऱ्या. तळ हळूहळू खोल होईल असं नाही, चार पावलांत कमरेचं पाणी डोक्यावर जातं. दुसरं कारण वारा. मोकळ्या पाण्यावर तो मिनिटांत वाढतो, आणि हवा भरलेली गादी किंवा रबरी हत्ती-बदकं पतंगासारखी वाहून नेतो. त्यामागे पोहत जाणारा बुडतो. वस्तू गेली तर जाऊ द्यावी. पोहता येत नसेल त्याने गुडघाभर पाण्यातही जाकीट घालावं. येत असेल त्याने खोल पाण्यात घालावंच. चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना तर ते सक्तीचं आहे.

काठ वाळूचा नाही, दगडगोट्यांचा आहे, आणि त्यावर क्वागा शिंपल्यांची धारदार टरफलं असतात, तेव्हा पाण्यातले बूट घाला. हा परका शिंपला २००७ मध्ये इथे सापडला आणि नळ, यंत्रं, बोटी सगळ्यांना चिकटला. म्हणून इथून निघताना बोट किंवा कयाक स्वच्छ करणं, आतलं पाणी पूर्ण काढणं आणि वाळवणं बंधनकारक आहे.

धरणाखालच्या ब्लॅक कॅन्यनचं पाणी मात्र बाराही महिने साधारण १२ अंशांचं, कारण ते सरोवराच्या खोल थरातून सोडलं जातं. बाहेर चाळीस अंश असताना माणूस उडी मारतो आणि गारठ्याच्या धक्क्याने आपोआप मोठा श्वास घेतो. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणी आत जातं. दहाएक मिनिटांत हातातली ताकद जाते. हळूहळू उतरा, जाकीट घालूनच. ॲरिझोनाकडच्या विलो बीचहून कयाकने वर, प्रवाहाविरुद्ध सुमारे दोन मैल गेलं की एमराल्ड केव्ह लागते. दुपारच्या तिरक्या उन्हात तिथलं पाणी आतून हिरवं उजळतं. रविवार-सोमवारी या पट्ट्यात यंत्राच्या बोटी चालत नाहीत, तेव्हाच जावं. विजेच्या मागणीप्रमाणे धरणातून पाणी कमी-जास्त सोडतात, त्यामुळे काठावर ओढून ठेवलेली कयाक तासाभरात तरंगत निघून जाऊ शकते. ती उंचावर न्या आणि बांधा.

सरोवराचं पाणी तसंच पिऊ नये. गाळून किंवा उकळून जंतू जातात, पण काठावर हिरव्या-निळ्या शेवाळाचा थर असेल तर त्यातली विषं उकळून जात नाहीत. तिथे मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यापासून लांब ठेवा.

निघण्याआधी

गाडीमागे सात दिवसांचं शुल्क २५ डॉलर आहे. नाक्यावर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. दर बदलतात, आधी पाहून घ्या. इंधन बोल्डर सिटी किंवा हेंडरसनमध्ये भरा. नॉर्थशोअर रस्त्यावर पंप फार विरळ आहेत. दऱ्यांत फोनला रेंज मिळत नाही, त्यामुळे नकाशा उतरवून ठेवा आणि कुठल्या वाटेला जाताय, कधी परताल ते कुणाला तरी सांगून निघा. काठावर काचेच्या बाटल्या चालत नाहीत. हात टेकण्याआधी खडकाची फट बघा, रॅटलस्नेक तिथेच सावलीला बसतो. ड्रोन उडवायला बंदी आहे.

घड्याळाचा एक घोळ लक्षात ठेवा. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही राज्यांची घड्याळं जुळतात, आणि नेमक्या चालण्याच्या हिवाळी महिन्यांत ॲरिझोना एक तास पुढे असतं. धरणाजवळ फोनवरची वेळ मागे-पुढे उड्या मारते. विलो बीचला कयाकची वेळ ठरवली असेल तर ती कुठल्या राज्याची ते विचारून घ्या. आणि डिसेंबरात नेवाडाच्या घड्याळाने साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा परतीची वेळ दुपारच्या दोनच्या पुढे नेऊ नका आणि पिशवीत डोक्याला लावायची विजेरी असू द्या.